दुसरा जोड

ती चार भाग जगली.
पाचव्यात यानाचं दार मिटलं तेव्हा ती बाहेर होती,
सहाव्यात तिचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

ऋक्षा. कुठल्याशा विझलेल्या ग्रहावरची,
कपाळावर निळी चमकी,
कॅप्टनला वाट दाखवणारी, कमी बोलणारी.
तिचे बूट माझ्या आप्पांनी केले होते.

सुभाषनगरात आमच्या दारात जीप थांबली.
स्टुडिओचा माणूस म्हणाला,
व्हटकर, अवकाशातले बूट पाहिजेत, दोन जोड,
पोरगी लई पळणार आहे.
आप्पांनी हातातली आरी खाली ठेवली.
"तिकडं चिखुल असतोय का खडी?"
त्याला सांगता येईना.

मापाला ती स्वतः आली,
शाहूपुरीतली, घोरपड्यांची हेमलता, बँकेतून अर्धी रजा काढून.
कालच्या पेपरावर अनवाणी उभी राहिली.
आप्पांनी पेन्सिल फिरवली अंगठ्यापासून टाचेपर्यंत
आणि ती हसत सुटली, "काका, गुदगुल्या होतात!"
पेन्सिलीच्या रेघेत, तिच्या पावलाच्या आत,
त्या दिवशीचे गुळाचे भाव सापडले.
तो कागद आप्पांनी कधी रद्दीत घातला नाही.

बैलाच्या कातड्याचा तळ, वरून चंदेरी रंग,
घोट्यापाशी मोडक्या ट्रान्झिस्टरची बटणं.
आणि तळाच्या दोन पदरांत,
हाताला सवयच, दुसरं काय,
आप्पांनी विंचू बसवला.

मसाईच्या पठारावर शूटिंग होतं.
उघडा सडा, अंगाला झोंबणारा वारा, झाड म्हणून नाही,
परका ग्रह आमच्यापासून एस.टी.च्या अंतरावर निघाला.
ती चालली आणि बूट बोलले,
कर्र, कर्र,
जसे कुणी पाटील जोतिबाला निघालेत.
आवाजवाला हेडफोन काढून ओरडला,
अहो, अवकाशात आवाज नसतो!
आप्पा म्हणाले,
"नसंल. पन मानूस आल्यालं कळाय नको?"

रविवारी पोवारांच्या सोप्यात सगळी गल्ली.
आप्पा फक्त पाय बघत.
कॅप्टनचं तोंड पडद्यावर आलं की तंबाखू मळत.
तिसऱ्या भागात, सगळं यान झोपलेलं असताना
ती एकटी चालत काचेपाशी गेली,
आणि आवाज पुसायचा राहून गेला होता.
कर्र. कर्र.
आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
मी दहा वर्षांचा, मला वाटलं, भ्याले.

पाचव्यात धूर, काचेला टेकलेला तिचा पंजा,
मग धुण्याच्या पावडरीची जाहिरात.
घरी येताना अर्ध्या गल्लीत आप्पा थांबले.
"पाय दावलं न्हाईत.
म्हंजे मेली नसंल."
मालिका संपेपर्यंत, आणखी आठ रविवार,
ते त्याच खांबाला टेकून बसले.
शेवटच्या पाट्यांत रंगभूषा आली, केशभूषा आली,
चहावाल्याचेही आभार आले.

खरं कारण जीपवाल्यानंच सांगितलं, पुढं कधीतरी.
तिची बदली झाली, गडहिंग्लज शाखेला.
रजा मिळेना.
म्हणून लेखकानं एका रात्रीत दार मिटवलं.
आप्पा ऐकून इतके हसले की ठसका लागला.
"म्हंजे गडहिंग्लजात हाय व्हय!"
दुसरा जोड मात्र कुणी न्यायला आलं नाही,
त्याचे पैसेही नाहीत.

टेपांवर म्हणे नंतर फवारणीचा कार्यक्रम चढवला.
आता ती कुठंच नाही.
आप्पाही नाहीत.

परवा माळा झाडताना पोतं हाताला लागलं.
चंदेरी पोपडे, एक बटण गळालेलं,
तळ मात्र कोराच, त्याला मातीच लागलेली नाही.
माझा पाय काही जाईना. पाच नंबर.
मग खाली बसून दोन्ही बूट हातांत घातले
आणि फरशीवरून चालवत नेले
उंबऱ्यापर्यंत.

आतून सुनेनं विचारलं,
"कोण आलंय?"