मधातली रेघ

तांडापेठेत लाइन गेलेली, मे महिन्याची दुपार,
आणि पोस्टमन म्हणतो, धरा बाई नीट, अकरा किलो आहे.
उघडलं तर पुस्तकंच.
उमाकांतनं अमेरिकेहून पाठवलेली.
कांडी भरता भरता आई म्हणाली,
"काहून वं, इतक्या दुरून रद्दी पाठवली यानं?"

चिठ्ठी होती.
तो राहतो त्या गावात नदी आहे, नदीकाठी बंद पडलेली गिरणी,
गिरणीत आता फ्लॅट. (इथं मॉल झाला, मी मनात म्हटलं.)
गावच्या लायब्ररीत एक म्हातारी, थिबोदोबाई.
तिनं कार्डावर आमचं आडनाव वाचलं : हेडाऊ.
त्यातला ह गिळला,
शेवटचा आऊ ओठांत गोल करून त्याचा ओ केला
आणि म्हणाली, "एदो! म्हणजे तू आमच्यातला."
काळा रंग तिला दिसला नसेल असं नाही.
लायब्ररी बंद होताना ही खोकी तिनं त्याच्या हवाली केली :
आपल्या लोकांची पुस्तकं आपल्या माणसाकडं.
"पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं," उमाकांत लिहितो,
"मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं."

रात्री कूलरसमोर बसून मी वाचते. पानं ओलसर होतात.
कॅनडातली शेतं सोडून सुतगिरण्यांत आलेली फ्रेंच माणसं,
दहा-दहा पोरांची घरं, भोंग्यावर उठणारी.
ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला, लब्लांचा व्हाइट.
हिरवं रान ते हिरवं रानच,
फक्त कोणी हाक मारली की वळून पाहायला जरा उशीर होतो.
एका आजीची प्रार्थना नातवंडांना कळत नाही.
माझ्या आजीच्या बोलीतले मला सात शब्द येतात,
त्यातल्या तीन शिव्या.

पुस्तकांच्या पाठीवर फ्रेंच, मग एक छोटी रेघ, मग अमेरिकन.
त्या रेघेवर आत दोन-दोन प्रकरणं.
कोणी म्हणतं ती पूल आहे, कोणी म्हणतं कुंपण,
एक प्राध्यापक म्हणतो, काढून टाका.
मी उठून कपाटातली बाबांची फाइल काढली.
आजोबांचा दाखला : हलबा.
काकांचा : हलबा, रेघ, कोष्टी.
बाबांचा : नुसतं कोष्टी, मास्तरांचा हात दुखत असेल.
सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात साहेबानं चष्म्यावरून विचारलं होतं,
"ही मधातली रेघ कोणी मारली?"
बाबा म्हणाले, "साहेब, आमी त तवा जन्मलोच नवतो."
उमाकांतची सीट त्या वर्षी गेली.
मग तो जिथं कोणी दाखला मागत नाही असं त्याला वाटलं, तिथं गेला.

सगळ्यात जाड पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
थिबोदोबाईंनी पेन्सिलीनं वंशावळ काढली आहे.
फांद्या, जन्मसालं, गिरण्यांची नावं,
आणि अगदी कडेला, कशालाच न जोडलेलं,
एदो, उमाकांत. पुढं प्रश्नचिन्ह.
खोडरबर माझ्या हातात होता.
बराच वेळ होता.
फोनवर मी उमाकांतला म्हटलं, सांगून टाक ना तिला.
तो म्हणाला, रविवारी जेवायला बोलावते गं,
तिला दुसरं कोणी नाही.

बाबांचे कान मिलमध्येच राहिले, डोळे शाबूत आहेत.
त्यांना फोटोचं पान दाखवलं :
शंभर वर्षांपूर्वीची दहा-अकरा वर्षांची फ्रेंच पोरगी,
अनवाणी, दोन मशीनींच्या मधात,
केस मोकळे, हसायचं की नाही ते न ठरलेलं.
एम्प्रेसच्या तीन नंबरात तीस वर्षं काढलेल्या माणसानं
पुस्तक उजेडाकडं फिरवलं,
तिच्याकडं नाही, आधी मशीनकडं पाहिलं.
"रिंगफ्रेम आहे," म्हणाले. "चालू आहे."
मग बोट तिच्या डोक्यावर ठेवून, मोठ्यानं,
जसं ते सगळंच मोठ्यानं बोलतात,
"केस बांधाले सांग तिले."