विधान क्रमांक तेवीस

अपरिग्रहाची सात विधानं गाइडांनी खोडली.
उरलेली घेऊन मी पारोळ्याला,
जिनिंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत.

गोजरबाईंच्या पापण्यांवर कापसाचे तंतू.
मी वाचलं : ‘गेलेल्या गोष्टीचं मला दुःख होत नाही.’
एक ते पाच, कुठेही खूण.

‘कोनती गोट?’ त्या म्हणाल्या,
‘मन्ही म्हैस, का मन्हा मालक?’

चौकट एकच होती.

‘म्हैसना पाच लिख.
त्यासनं ऱ्हाऊ दे.’
आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा
माझ्या कागदावरच ठेवला, ठेच्यासकट.

संगणकाला रिकामं चालत नाही,
तिथे नऊ लिहायचे.
मी नऊ लिहिले.
तेविसाव्यावर तेलाचा डाग आहे अजून,
त्यातून मागच्या पानावरचं चोविसावं
उलटं दिसतं :
‘माझं चित्त स्थिर असतं.’