पुण्याची वही

कुरुणेगलच्या दवाखान्यातून तात्तांना घरी आणलं,
तेव्हा भिक्खू म्हणाले, आता वही वाच.
जाणाऱ्याच्या कानी शेवटी
त्याचंच चांगलं पडावं, अशी रीत आहे आमच्यात.

मी वाचत बसले.
पौर्णिमेला दिव्यांसाठी खोबरेल, दोन बाटल्या.
विहाराच्या पायऱ्यांना सिमेंट, तीन पोती.
लंगड्या कुत्रीला भात, सबंध वेसाक महिना.
एकाहत्तर साल: एका पोराला माळ्यावर लपवलं,
नाव विचारलं नाही.

अक्षर गिरणीतलंच. आकडे उजवीकडे, एका रेषेत,
भाताच्या पोत्यांचे मांडायचे तसे.

तात्ता म्हणाले, उलटी कर.
वही उलटी केली. मागून कोरी.
लिही, म्हणाले. एमलिननोनाचं पोतं.
सव्वीस किलोचं चोवीस.
मग श्वास.
मग, दर हंगामाला.
मग नुसतीच चादर चिमटीत धरून उचलली,
जोखून बघावी तशी.

एमलिननोना तेव्हा आमच्याच चुलीपाशी होती,
त्यांच्यासाठी पेज ढवळत.
मापातलं ते पाप तिला ठाऊक होतं की नव्हतं,
मी अजून विचारलेलं नाही.

पेन उघडलं. शाई उतरेना.
झटकलं, तर कोऱ्या पानावर
एक ठिपका पडला.
तात्ता त्याच्याकडेच बघत राहिले,
जणू हिशोब वाचून दाखवतंय कुणी.

पेज आली.
तिनंच भरवली,
फुंकर घालून,
काठोकाठ भरलेल्या चमच्यानं.