घाटाखाली अंबुजा बोलते

वडगावात, आमच्या गल्लीत
हळू कोण बोलतच नाही.
एका छपराखाली बारा माग, दोन्ही पाळ्या,
चहा पाहिजे एवढं म्हणायचं तरी
ओठ सुटे सुटे करून म्हणायचं,
एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं.

अंबुजा त्यातच बोलायला शिकली,
कांड्यांच्या टोपलीशेजारी बसून.
आईशी कानडी, माझ्याशी मराठी,
मालकाच्या मुनिमाशी हिंदी,
तुटलेल्या धाग्याशी कुठलं काय, देव जाणे.
शाळेत बाई म्हणाल्या, हिचा उच्चार स्वच्छ आहे.
म्हटलं, असणारच की,
धोट्यानं बडवून काढलाय.

माझे कान तोवर गेले होते.
डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
थोडी सपाट, मग चोर्ल्याच्या वळणासारखी खाली.
मशीन घ्या म्हणाला.
किंमत तेवढी ऐकू आली.

मग तिला घाटाखाली नोकरी लागली,
समुद्राकाठचा मोठा विमानतळ,
आखातातली विमानं रात्री उतरतात तिथं.
भाषा किती येतात, विचारलं म्हणे.
हिनं बोटं मोजून पाच सांगितल्या.
इकडं पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली
यावरून दगड पडलेले बघितलेत आम्ही.
तिकडं दोन्हींचा पगार मिळायला लागला.

मल्लेशीचा मेहुणा मस्कतला निघाला
तेव्हा त्याच्या गाडीत मीही बसलो.
जांबोटी, कणकुंबी, धुकं,
मांडीवर तिच्यासाठी कुंद्याचा डबा.
दारावरच्या शिपायानं तिकीट मागितलं.
म्हटलं, माझी मुलगी आत बोलायलीय.
तो काय म्हणाला ते कळलं नाही,
हात कळला.

काचेबाहेर उभा राहिलो.
आत ही माणसं. खुर्च्यांत, मोबाईलात,
बॅगेवर डोकं टेकून झोपलेली.
आणि एकदम
सगळ्यांच्या माना वर झाल्या.
एका म्हातारीनं पदर कानामागं सारला.
एका बापानं रडत्या पोराच्या तोंडावर हात ठेवला.
पाच-सहाजण उठले, बॅगा ओढत पळाले.
माना खाली.
मग पुन्हा वर, पण दुसऱ्याच माना.
म्हणजे ही दुसरी भाषा.
तिसरी.
कानडीला एकटाच उठला, लुंगीवाला,
छताकडं हात करून त्यानं सांगितलं, आलो आलो.

चाळीस वर्षं कापड बघून
कुठल्या मागावरचं ते सांगत आलोय.
तसाच बघितला तिचा आवाज, काचेतनं.
एक धागा तुटलेला नव्हता.

डबा शिपायाकडं दिला.
अर्धा पोचला.

औंदा दिवाळीनंतर तिकडं आवाज बंद केला.
गोंगाट होतो म्हणे,
आता पाटी बघून ज्यानं त्यानं उठायचं.
अंबुजाला हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलंय.
रंग कुठला, चाकं किती, आत काय होतं,
ती लिहून घेते.
तिची आई दोन दिवस जेवली नाही.
मी काय बोललो नाही.
आत कुठंतरी, खोटं कशाला सांगू,
बरंही वाटलं:
आता तिथं सगळी माझ्यासारखीच.
मग त्या लुंगीवाल्याची आठवण आली.
पाटी वाचता येत असंल का त्याला?

रात्री साडेनऊला, पाळी सुटली की
मोबाईलात तिचं तोंड येतं,
ओठ सुटे सुटे.
ऊट आयता, अप्पा?
झालं, मी म्हणतो. भाकरी, झुणका. तुझं?
तिच्या मागं एक लाल बॅग,
एका चाकाची, तीन आठवडे झाले तिथंच.
ती काहीतरी सांगायला लागते
आणि मधेच मान वळवते.
कुणीतरी हाक मारली असणार.