नूनच्या पोटात

बापाच्या वाटणीतून इब्तिसामला मिळाला
समुद्राचा एक तुकडा.
आमच्या कर्केन्ना बेटावर पाण्याचाही सातबारा असतो :
अमुक खडकापासून तमुक खुंटापर्यंत,
ओहोटीला गुडघाभर, भरतीला छातीइतका,
आणि तळात खजुराच्या फांद्या रोवून
मासे वळवायचा हक्क, पिढ्यान्‌पिढ्या.

भाऊ म्हणाले, विकून टाक.
तिने कैरवानला चिठ्ठी धाडली.
तिथे आठ वर्षं तिने बोरू तासले होते,
काजळी खलली होती,
एकाच आलिफचा कित्ता गिरवत दोन हिवाळे काढले होते.
सी तिजानींनी तिच्या हाताला वळण लावलं,
सनद मात्र दिली नव्हती.
चिठ्ठीत एवढंच : कागद सापडला.

मी तिचा मामेभाऊ. मला अक्षरांतलं कळत नाही,
फांद्यांतलं कळतं.
ओली फांदी तिरकी कशी खुपसायची,
टाचेने वाळू कशी दाबायची.
अर्धा मार्च आम्ही अडीचशे फांद्या रोवत होतो.
ती रबरी पोशाखात, दोरीचं टोक धरून
ओरडायची : आत घे, अजून आत,
पोट आहे ते, खाडी नाही!
मी विचारलं, काय लिहितोय आपण?
नून.
आणि पुढे?
पुढे काही नाही. जुन्या अरबीत
नून म्हणजेच मासा.
मी म्हटलं, मग ते माशाला कळायला हवं.

कळलं त्याला.
पहिल्याच ओहोटीला त्या वाडग्यासारख्या वळणात
सत्तावीस बोय
आणि एक म्हाकूळ, जे घाबरून
पाण्यात शाई सांडत राहिलं.
तेवढीच काय ती शाई त्या अक्षराला लागली.

खमीसकाका रोज दुपारी आपली निळी होडी
बरोबर मधोमध नांगरून
पाव हरिसात बुडवत बसायचा.
त्याला वाचता येत नाही.
दिवसातून दोनदा क्षरणारं हे अक्षर
आतून पाहिलंय ते एकट्या त्यानेच.

मे महिन्यात सी तिजानी आले,
फेरीबोटीतून, बूट हातात घेऊन.
ड्रोनने काढलेला फोटो दाखवला तर म्हणाले,
पडद्यावर मी नातवंडांचे चेहरेही बघत नाही.
मग एकाहत्तर वर्षांचा तो माणूस
पाण्याच्या टाकीचा गंजका जिना चढला,
दोनदा थांबून,
आणि वर गेल्यावर खूप वेळ गप्प.
वारा त्यांची लाल टोपी ओढत होता.

शेपूट, ते म्हणाले, अर्ध्या टिंबाने आखूड आहे.
इब्तिसामने मान डोलावली.
आणि आपल्या मगरिबी वळणात
सुट्या नूनला टिंब देत नाहीत. विसरलीस?
ते टिंब नाही, ती म्हणाली,
तो खमीसकाका आहे. जेवतोय.

सी तिजानी हसले की खोकले, सांगता येणार नाही.
खाली टिंबाने उरलेला पाव माशांना टाकला,
नांगर वर घेतला,
दोरी तीनदा ओढल्यावर इंजिन लागलं,
आणि मागे पांढरी रेघ सोडत
टिंब सफाक्सच्या दिशेने निघून गेलं.

आता बरोबर आहे, ते म्हणाले.

तोवर पाणी फिरलं होतं. फांद्यांची टोकं
एकेक करून बुडत होती, शेपटाकडून, उलटी,
जणू कोणी लिहिलेलं
दौतीत परत ओततंय.
सनदेचा विषय कोणी काढला नाही.

जिना उतरताना त्यांनी मला विचारलं,
अर्धं टिंब म्हणजे फांद्या किती?
मी खमीसकाकाच्या होडीची लांबी आठवली,
निम्मी केली.
अकरा.
पहाटे लावू, ते म्हणाले,
आणि तिथेच, शेवटच्या पायरीवर बसून
पँट दुमडायला लागले.