खुर्ची सात

मुगभाट गल्ली, पहिला मजला, रुग्णसाहित्य केंद्र.
लाल पुठ्ठ्याची वही, कोपरे सुटलेले.
धुरूकाका म्हणाले, एवढं काँप्युटरात घाल,
कोणती वस्तू कुणाकडे, विचारलं की सांगता यायला हवं.

प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडी:
वॉकर तीन, सुमती चेऊलकर.
कुबड्या अकरा, म्हात्रे, खेतवाडीचे, खारचे नव्हेत.
हवेची गादी दोन, फिरदोस दुबाश.
रिकामा मॅप घ्यायचा,
एकेक जोडी उचलून आत ठेवायची,
जुन्याला धक्का न लावता
नवा मॅप पुढच्या हातात द्यायचा.
शेवटच्या हातात उरेल ते उत्तर.

एका ओळीचा कोड. चहा निवलाही नव्हता.
बाराशे चाळीस जोड्या आत गेल्या,
बाहेर आल्या एकशे सहा.

चूक नाही. नियमच तसा:
एका कीला एकच जागा.
नवा येतो तो बसतो, आधीचा उठतो.
उठून कुठे जातो, ते भाषा विचारत नाही.

काका खूश. "खुर्ची सात कुणाकडे?
पागधरेंकडे. बरोबर आहे की!"

मी वही चाळली.
सात, अनसूया पिंगे. परत, पाय बरा.
सात, वागळे मास्तर. परत, मुलाने आणून दिली.
सात, द. गो. तेरेदेसाई.
हे अक्षर माझं, अकरावीतलं,
र ला उगाच वळण.
पुढच्या रकान्यात काकांचं नुसतं "मिळाली".
डिपॉझिट पाचशे. आई न्यायला गेली नाही.

रात्री कोड पुन्हा उघडला.
की तीच आली तर काय करायचं
ते सांगणारं एक छोटं फंक्शन:
नव्याला बसव, जुन्याला उठवू नको,
सरकून घ्या म्हण.

आता सात विचारलं की एकतीस जण येतात.
बाबा एकोणिसावे.
काका वैतागले, "एवढी वरात कशाला?
मला शेवटचा पुरे."
त्यांना शेवटच्याचं वेगळं बटण करून दिलं.
ते तेच दाबतात.

परवा पागधरेंच्या सुनेचा फोन,
खुर्ची उतारावर घसरते.
डावा ब्रेक सैल आहे, मी म्हटलं,
मागून पाय लावून धरायचा.
अहो, सांगायचं नाही का आधी?
कधीपासून आहे असा?

मी यादी वर सरकवत राहिले.
एकोणीस. त्याच्याही आधी कुणीतरी.