देव झोपल्यावर

देव झोपले की मल्हारगंजातली बँडची दुकानं
अर्धं शटर पाडून बसतात.
लाल कोट खुंटीला, ढोल एकमेकांच्या मांडीवर,
आणि शकूर मास्तर मला श्वास घ्यायला शिकवतात.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

"तारेबाई, खांदे कशाला उचलता?
हवा काय खांद्यावरून आणायची आहे, घागरीसारखी?"
सॅक्सोफोन अजून पेटीतच.
आधी सतरंजीवर उताणं पडायचं,
पोटावर गेल्या मोसमाची वही
(वराती, बयाणा, घोडीवाल्याचा नंबर).
ती नुसत्या श्वासाने वर न्यायची
आणि सोळा मोजत खाली.
मास्तर पाठ करून कोटाची बटणं शिवतात,
तरी त्यांना कळतं, सातावरच बसली धपकन.
"पोहे खाऊन आलात."
आलेच होते. वर जिरावण घालून.

मग भिंत. जुन्या लग्नपत्रिकेचा कागद
फुंकरीने भिंतीला धरून ठेवायचा.
चि. आणि चि. सौ. कां.
दोघंही माझ्या दमावर अधांतरी;
मामांच्या नावापाशी दम संपतो,
अख्खं वऱ्हाड फरशीवर.

"जोर नको. चहा फुंकता ती हवा नव्हे.
चष्मा पुसताना काचेवर हाऽ करता, ती.
आणि घेताना आवाज नको."

वडील गिरणीत होते, पिंजण खात्यात.
रात्री बसूनच झोपायचे,
छातीत बारीक शिट्टी.
आम्हा पोरांना तिच्याशिवाय झोप येत नसे.
हे मी मास्तरांना सांगितलं नाही.

भाद्रपदात भिजवलेली रीड पहिल्यांदा ओठांत.
गाल फुगले, म्हैस हंबरली,
शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मान बाहेर काढली.
कोजागिरीनंतर कधीतरी
एक सूर, एकच,
न थरथरता अकरापर्यंत गेला.
मास्तरांनी दोरा दाताने तोडला.
"उद्या बारा."

पण उद्या देव उठले.
शटर पूर्ण वर, कोटांना इस्त्री,
माझ्या पोटावरची वही त्यांच्या काखेत.
"आता मकर संक्रांतीला या, बाई."

परवा रात्री वरातीत स्कूटर अडकली.
दिव्यांची झाडं, जनरेटर, नाचणारे काके,
आणि त्या सगळ्यावर ताणून धरलेला त्यांचा सूर.
लोक नवऱ्याकडे बघत होते.
मी मास्तरांच्या खांद्यांकडे.
हलत नव्हते.